हवेत इंजिन बंद पडले तर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू स्वतः बांधलेल्या विमानाची जोडणी पूर्ण होऊन पहिल्या उड्डाणाचा दिवस जवळ आल्याचे वाचून फार आनंद झाला. वर गेल्यावर इंजिन बंद पडले तर पहिल्यांदा काय करायचे, असे तू विचारले आहेस. पहिले काम एकच, नाक खाली घेणे. इंजिन का थांबले, हा प्रश्न नंतरचा. तुझे विमान हलके, आखूड पंखांचे आहे आणि त्याला हवेचा अवरोधही बराच होतो, त्यामुळे शक्ती जाताच त्याचा वेग पाहता पाहता ओसरतो. चढताना नाक वर असेल, तर आणखी लवकर. दुर्दैवाने नेमके तेच काही क्षण ‘असे होणे शक्यच नाही’ या अविश्वासात निघून जातात. म्हणून स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे ढकलणे इतके अंगवळणी पडायला हवे, की मनाची खात्री पटण्याआधी हाताने ते करून टाकलेले असावे. समोरच्या काचेत आभाळाऐवजी जमीनच जमीन दिसू लागली की पोटात गोळा येतो, हे खरे. पण वेग टिकतो तो त्याच स्थितीत.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले, तर मागे राहिलेल्या धावपट्टीचा मोह फार जबर असतो. कागदावर हे वळण १८० अंशांचे दिसते. प्रत्यक्षात वळताना विमान बाजूला गेलेले असते, त्यामुळे पट्टीच्या रेषेवर परतायला आणखी वळावे लागते आणि शेवटी उलट दिशेनेही. ४५ अंश कललेल्या विमानात उंची राखून वळताना पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांवर भार दुप्पट होतो आणि ती वाढ ४१ टक्क्यांवर जाते. त्यातच वारा पाठीशी आल्याने जमीन भराभर सरकताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो आणि माणूस नकळत स्टिक मागे ओढतो. तिथून पुढची गिरकी सावरायला उंचीच उरलेली नसते. समोरच्या साठ-सत्तर अंशांच्या टापूत जे बरे दिसेल तिथे, पंख समांतर ठेवून उतरणे, हाच त्या उंचीवरचा मार्ग आहे, मग त्यात विमान मोडले तरी चालेल. (चार वर्षे खपून बांधलेले विमान ‘मोडले तरी चालेल’ म्हणणे तुला किती जड जाईल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच हे मनाशी आज ठरवून ठेव.)

किती उंचीनंतर माघारी वळणे शक्य आहे, हे मात्र मी सांगू शकत नाही. सेस्ना १७२ या कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानाच्या वैमानिकाला माहितीपुस्तकातून कळते, की इंजिनाविना उंचीच्या सुमारे नऊ पट अंतर कापता येते. तुझ्या विमानाचे पुस्तक तुलाच लिहायचे आहे. सुरक्षित उंचीवर, खाली धावपट्टी ठेवून थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे घे, निरनिराळ्या वेगांवर दर मिनिटाला किती उतरतोस ते टिपून ठेव आणि मग चढत्या स्थितीतून, गोंधळाची चार सेकंदे मुद्दाम वाया घालवून, पूर्ण वळणात किती उंची जाते ते मोज. जो आकडा येईल त्यात सढळ भर घाल, कारण मंद चालणारे इंजिनही थोडा जोर देतच असते. बंद इंजिनावर वाऱ्याने फिरणारा पंखा उलट ओढ लावतो.

उंची हाताशी असेल तर इंजिन पुन्हा सुरू करून पाहा: दुसरी टाकी, इंधनपंप, कार्बुरेटर हीट (त्यातले बर्फ वितळवणारी गरम हवा), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र). स्वतः बांधलेल्या विमानांत दोष पुष्कळदा इंधनाच्या वाटेवर सापडतो. टाकीतल्या सीलंटचा केसाएवढा धागा सुटून गाळणीच्या जाळीवर बसतो, किंवा टाकीची हवा घेणारी नळी कीटकाच्या मातीने बुजते. म्हणून विमान चढत्या कोनात उभे करून इंधनाचा प्रवाह नक्की मोज. इंधन उताराने येत असेल तर तो उड्डाण घेतानाच्या गरजेच्या १५० टक्के हवा, पंपाने येत असेल तर १२५ टक्के.

शेत निवडल्यावर ते बदलू नकोस. काचेत जी जागा वर सरकते तिथे तू पोहोचणार नाहीस, खाली सरकते ती ओलांडशील, आणि स्थिर राहते तिथे पोहोचशील. वेळ असेल तर रेडिओच्या १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या वाहिनीवर ‘मेडे’ (संकटाची हाक) सांग, पण त्यापायी उडवणे सोडू नकोस. टेकण्यापूर्वी इंधन आणि मॅग्नेटो बंद कर, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) लावून झाल्यावर मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विचही बंद कर, खांद्याचे पट्टे आवळ, दाराची खिटी उघड. वाऱ्याला तोंड देऊन, जमेल तितक्या कमी वेगाने, पण विमान ताब्यात ठेवून टेक. ताशी ८० किलोमीटरवर ९ जी (गुरुत्वाच्या नऊ पट) इतक्या मंदनाने थांबायला तीन मीटरही लागत नाहीत, १६० वर मात्र अकरा मीटर लागतात. त्या थोड्या अंतरात पंख आणि चाके मोडू देत, तू बसतोस तो भाग शाबूत राहिला पाहिजे.

प्रवाह मोजून झाला की आकडे पाठव. चाचणीच्या उड्डाणांची आखणी त्यानंतर दोघे मिळून करू.

तुझा,
अनिल