स्वातीला पत्र, वाशी मार्केटच्या लाईनीतून

चि. स्वाती हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो पप्पा, ठेवते पप्पा" म्हणतेस, म्हणून लिहितोय. गाडी वाशीला कांदा-बटाटा मार्केटबाहेर लाईनीत उभी आहे, खाली व्हायला दुपार होईल. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकीन. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला लागतं.

अभ्यासिकेच्या जिन्यात तुला चक्कर आली हे तुझ्या रूममेटनं आईला सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही असं आईला कबूल केलंय. फक्त एवढं सांग, आदल्या रात्री किती वाजता झोपली होतीस?

बरं, राहू दे.

भिंतीवरच्या तुझ्या तक्त्याचा फोटो बंटीनं दाखवला. वर मोठ्या अक्षरात "रोज १४ तास". झालेल्या दिवसाला हिरवा चौकोन, न झालेल्याला लाल. लालच जास्त दिसले. आता अभ्यासातलं मी काय सांगणार, पण टार्गेट म्हणजे काय हे मला तूच शिकवलंयस. नववीत होतीस तेव्हाची ती गाडीची वही आठवते? तारीख, रीडिंग, डिझेल, ॲव्हरेज असे चार रकाने, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लाल पेननं, "लोड गाडी ४ च्या खाली नाही." मी हसलो होतो. पण ट्रिपवरून आलो की पायातली चप्पल निघायच्या आत तू पेन घेऊन दारात, "पप्पा, रीडिंग?" शेजारचे म्हणायचे, आरटीओ घरातच ठेवलाय का. मग माझंच मला लक्षात यायला लागलं. हवा लासलगावातच चेक करायची, एअर फिल्टर वेळेवर झाडायचा, पुढं टोलची लाईन दिसली की लांबूनच पाय उचलायचा. ३.४ वर घासणारी गाडी ४ ला टेकली. तेव्हा मी ढाब्यावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, तुला माहीत नाही.

ते जमलं कारण तो आकडा माझ्या पायात होता आणि दर ट्रिपला तू तोंडावर सांगत होतीस. १४ तासांचं तसं नाही गं. तास बसून भरतात. संध्याकाळी हातात काय आलं? तूच म्हणालीस की राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता उत्तरं लिहायची झाली, ९ पेपर, १७५० मार्क. मग तक्त्यात लिहिलेल्या उत्तरांचा रकाना कुठाय? "आज ७३ व्या घटनादुरुस्तीवर तीन उत्तरं, घड्याळ लावून", एवढं लिही. तीन झाली, वही मिटली, मेसला जा. मलाही फोनवर विचारता येईल, किती झाली? नाहीतर मी काय विचारतो, जेवलीस का, झोपलीस का, आणि तू वैतागतेस.

आम्ही लासलगावातून निघताना वाशी धरत नाही. घोटी धरतो. मग कसारा उतरायचा. मग खर्डीला थांबून टायरला हात लावून बघायचा, तापलाय का. वाशी आपोआप येते.

दिवाळीत तू मला त्या अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचं सांगितलं होतंस, तुझ्या लोकप्रशासनाच्या पुस्तकातलं. ओक्लाहोमातले लाकडाचे ट्रक. "जमेल तेवढं भरा" सांगितलं तर कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरायचे. लॅथम नावाच्या माणसानं त्यांना ९४ टक्के असा नेमका आकडा दिला, आणि काही महिन्यांत तेच ड्रायव्हर नव्वदीच्या पुढं गेले. तू आकड्याचं कौतुक करत होतीस. मी आपला दुसऱ्याच गोष्टीवर अडकलो. त्यानं ९४ दिला, ११० नाही दिला. पासिंगच्या, म्हणजे कायद्यानं चालणाऱ्या वजनाच्या, आत ठेवला. आपल्या दहा चाकीचं पासिंग सरकारनं २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टनांवर नेलं, पण टायर, पाटे, ब्रेक होते तेच राहिले. तुझं १४ तासांचं टार्गेट मला ओव्हरलोड वाटतं, बाई. लाल चौकोन बघून तू दुसऱ्या दिवशी आणखी एक तास चढवतेस, आणि तो झोपेतून काढतेस. आणणार कुठून दुसरीकडून?

रघूमामाला त्या आठवड्यात चौथी ट्रिप मारायची होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंच ठरवलेलं. तेव्हा १९६१ चा कायदा होता आमच्यासाठी, दिवसाला ८ तास, सलग ५ तास झाले की अर्धा तास थांबायचं. पाळायचं कोण, ते सोड. मामीला मी आजही सांगितलेलं नाही की केबिनमध्ये त्याचा डबा तसाच भरलेला होता.

हे लिहायचं नव्हतं मला. तू पुण्यात बसून अभ्यास करतेस, घाटात गाडी नाही चालवत, कळतं मला. लेक्चर झालं, रागावू नकोस. पण जिन्यात पडलीस, आणि डोक्याला लागलं असतं तर?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये परीक्षेच्या तारखेसाठी पोरं नवी पेठेत रस्त्यावर बसली होती, तेव्हा मी ढाब्यावर टीव्हीसमोर उभा राहून गर्दीत तुझी ओढणी शोधत होतो. २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा शेवटी १ डिसेंबरला झाली. ढाबेवाल्याला म्हटलं, माझी पोरगी आहे त्यात. आणि आईला फोन करून म्हटलं, तिला सांग घरी जा, लाठी बसेल. दोन्ही एकाच मिनिटात. तुझ्या बाबतीत माझं असंच आहे, त्याला इलाज नाही.

तारीख, जागा किती निघतील, कट-ऑफ कितीवर लागेल, हे काही तक्त्यावर चढवू नकोस. ते तुझ्या हातातलं नाही. तीन उत्तरं आहेत.

आणि रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन किती आलं ते मला सांग, आईला नको. मेसचे पैसे टाकलेत. दूध वेगळं लाव, त्याचे पैसे वेगळे देईन. म्हशीचा गोंधळ मिटला, नानीनंच मिटवला, ती खूश आहे. उत्तरं लिहायला कुठलं पेन लागतं ते बंटीला कळव, तो गुरुवारी नाशिकला जाणार आहे, अख्खा बॉक्सच आणेल.

तुझे पप्पा