स्लिप काढण्याची घाई कशाला?

एकदिवसीय सामन्यात वेगवान गोलंदाजाचे मोल आपण अजूनही 'षटकामागे किती धावा' यावरच ठरवतो. २०२३च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध भारताच्या मोहम्मद शमीने षटकामागे जवळपास सहा धावा दिल्या, पण बळी घेतले ७! विल्यम्सन-मिचेलची दीडशेच्या पुढे गेलेली भागीदारी त्यानेच फोडली आणि त्याच षटकात लॅथमलाही भोपळ्यावर पायचीत केले. सामना तिथेच फिरला. नुसता टिच्चून मारा करून हे झाले नसते.

ठाण्यातल्या शालेय सामन्यांत मात्र उलटाच प्रकार. कड घेऊन एक चौकार गेला, की कर्णधार लगेच स्लिप (यष्टिरक्षकाशेजारी झेलासाठी उभा क्षेत्ररक्षक) काढून थर्डमॅनला, म्हणजे त्याच बाजूला मागे सीमारेषेवर, पाठवतो आणि सीमारेषेवरून सर ओरडतात, "टप्पा मागे घे!" टप्पा आखूड झाला, की पोराचा स्विंग, म्हणजे चेंडूचे हवेत वळणे, तिथेच संपतो. पुढचा चेंडू पुन्हा कड घेऊन मोकळ्या स्लिपमधून जातो, हे तर ठरलेलेच! वाचवलेल्या चार धावा जम बसलेला फलंदाज शेवटच्या षटकांत व्याजासकट वसूल करतो. प्रशिक्षकांनी निदान चौदा वर्षांखालील सामन्यांत तरी पहिली पाच षटके स्लिप हलवू नये. दोन वाईड जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

– एक क्रिकेटप्रेमी, नौपाडा, ठाणे