पाच इंची ग्राइंडरचा भाव तिमाहीच्या शेवटी का कोसळतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि उद्यमनगरातल्या टूल्सच्या दुकानांत सध्या एकच विषय आहे. भारी ब्रँडच्या पॉवर टूल्सचे रेट तुटलेत आणि गिऱ्हाईक मोबाइलवर जो भाव दाखवतं तो दुकानदाराच्या खरेदीच्याही खाली असतो. यावर दोन तोडगे सुचवले जातात. एक, सगळ्या दुकानदारांनी मिळून एक किंमत ठरवायची आणि त्याखाली विकायचं नाही. दुसरा, कंपनीनेच किमान किंमत बांधून द्यायची. आमच्या मते दोन्ही चुकीच्या जागी ठिगळ लावतात. रेट ऑनलाइनवर दिसतो, पण तुटतो कंपनीच्या स्कीमच्या कागदावर. तो हिशेब एकदा उघड मांडावा म्हणून हे पत्र.

आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरले आहेत. पाच इंची, १४०० वॅटच्या अँगल ग्राइंडरची डीलरची खरेदी ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ९००, म्हणजे बिल ५,९०० चं. कंपनी मोठ्या डिस्ट्रिब्यूटरला तिमाहीचा स्लॅब, म्हणजे एकूण खरेदीच्या टप्प्यानुसार सूट, देते. खरेदी २० लाखांच्या आत राहिली तर ५ टक्के, २० लाख गाठले तर ८ टक्के, आणि हे ८ टक्के पहिल्या रुपयापासून सगळ्या खरेदीवर. मेख इथेच आहे. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात कोणाची खरेदी १९ लाखांवर अडकली असेल तर त्याला ९५,००० मिळणार. आणखी एक लाखाचा माल, म्हणजे २० ग्राइंडर, उचलला की तीच रक्कम १,६०,००० होते. त्या २० मशीनमुळे हातात ६५,००० जादा पडतात, म्हणजे मशीनमागे ३,२५०.

आता हा डिस्ट्रिब्यूटर त्या २० मशीन प्रत्येकी हजार रुपये तोट्यात, म्हणजे ४,००० अधिक कर अशा ४,७२० ला, फुंकून टाकतो. तोटा २०,०००, वरची कमाई ६५,०००. म्हणजे ४५,००० खिशात घालूनच तो रेट तोडतो. त्याला वेडा म्हणण्यात अर्थ नाही, त्याचं गणित पक्कं आहे. पण महिन्याला तीन-चार मशीन घेणाऱ्या, स्लॅबच्या जवळपासही न जाणाऱ्या दुकानदाराच्या फळीवर तीच मशीन ५,९०० ला पडलेली असते. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटी मोबाइलवरचे भाव का कोसळतात, याचं मोठं कारण हे. तो माल दुसऱ्या शहरातून कुठल्यातरी विक्रेत्याच्या खात्यावर चढतो आणि तिथून कोल्हापुरात येतो.

हाच स्लॅब इन्कम टॅक्ससारखा केला, म्हणजे २० लाखांपर्यंत ५ टक्के आणि ८ टक्के फक्त त्यावरच्या रकमेला, तर शेवटच्या २० मशीनवर जादा मिळतात फक्त ५,०००, मशीनमागे २५०. अडीचशेसाठी कोणी हजाराचा तोटा घेत नाही. किंमत न बांधता रेटची पडझड थांबते.

किंमत बांधण्याचं म्हणाल तर स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ वाचावं. दुकानदारांनी आपसात भाव ठरवणं हा सरळ कार्टेलचा मामला होतो, मग ते व्हॉट्सअॅपवर ठरवा नाहीतर चहावर. कंपनीने डीलरवर किमान भाव लादणं हेही त्याच कलमाच्या तपासणीत येतं. डीलरांनी ठरावीकपेक्षा जास्त सवलत द्यायची नाही, असं बंधन घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता. तेव्हा 'कंपनीने रेट बांधून द्यावा' असं लेटरहेडवर लिहून देण्याआधी वकिलाला दाखवावं. खरेदीखाली विकणाऱ्याविरुद्ध तक्रार करावी तर त्यासाठीचं कलम ४ फक्त बाजारात वर्चस्व असलेल्यालाच लागतं, आणि एखादा डिस्ट्रिब्यूटर त्यात बसत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू असलेले परदेशी गुंतवणुकीचे नियम मार्केटप्लेस कंपनीला, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकायला ऑनलाइन जागा देणाऱ्या कंपनीला, विक्रीच्या किमतीवर परिणाम करायला मनाई करतात. पण वरच्या उदाहरणात सवलतीचा पैसा मार्केटप्लेसचा नाहीच, तो टूल्स कंपनीच्या स्कीममधून आलेला आहे.

आता दुकानाच्या बाजूचा हिशेब. तोच ग्राइंडर ६,३०० ला विकला तर कर वजा जाता ५,३३९ हातात येतात, म्हणजे सुटतात ३३९. माल सरासरी ४५ दिवस फळीवर राहिला आणि सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १२ टक्के असेल तर त्यात ८७ गेले. फाउंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) ६० दिवसांची उधारी दिली तर आणखी १२४. उरले १२८, आणि त्यात भाडं, पगार, लाइट बिल अजून धरलेलं नाही. अशात गिऱ्हाईक राखायला भाव ६,००० वर आणला तर सुटतात फक्त ८५ आणि उधारीचं व्याजही त्यातून निघत नाही. ३३९ ची बरोबरी करायला चार मशीन विकाव्या लागतात, चारपट माल भरावा लागतो आणि चारपट उधारी गावात अडकते. 'खप वाढेल, मग निघेल' म्हणणारे नेमके इथे फसतात. दुकान बंद पडतं ते तोट्याच्या आधी, रोकड आटल्यामुळे.

उधारीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. ४५ दिवसांत पैसे देण्याचं जे संरक्षण छोट्या उत्पादकाला आहे ते दुकानदाराला नाही. त्यामुळे भारी मशीन उधारीवर देणं म्हणजे कारखान्याला बिनव्याजी भांडवल पुरवणं, आणि तेही १२८ रुपयांसाठी.

गिऱ्हाइकानेही आपला हिशेब नीट करावा. जीएसटी नोंदणी असलेला कारखाना किंवा ठेकेदार घाईत स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून ५,७५० ला मशीन मागवतो आणि जीएसटी नंबर टाकायला विसरतो. मग ती ५,७५० लाच पडते. दुकानातून ६,३०० च्या पक्क्या बिलावर घेतली आणि बिल जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवरच्या कराच्या ऑनलाइन पत्रकात) आलं तर ९६१ रुपये कराचं क्रेडिट मिळून ती ५,३३९ ला पडते. म्हणजे स्वस्त वाटलेली मशीन ४११ ने महाग पडली. मात्र नंबर टाकून मागवली तर ऑनलाइनची किंमत ४,८७३ वर येते आणि दुकान महागच ठरतं. हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. ज्याची नोंदणीच नाही, त्या सुताराला किंवा फॅब्रिकेटरला तर बिलाची रक्कम हीच किंमत. एमआरपीवर '५५ टक्के सूट' या पाटीकडे मात्र कोणीच बघू नये. एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे, ती कितीही फुगवून छापता येते.

बॅटरीवरच्या मशीनमध्ये फसगत जास्त होते. सगळ्यात कमी दिसणारा भाव बऱ्याचदा नुसत्या बॉडीचा असतो, बॅटरी आणि चार्जर वेगळे. वर्णनात 'सोलो' किंवा 'बेअर' असा शब्द असतो आणि फोटो मात्र बॅटरी लावलेल्या मशीनचा. सुट्या बॅटऱ्यांत डुप्लिकेट माल खूप आहे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या नेहमीच्या पॅकमध्ये १८६५० मापाचे दहा सेल असतात, पाच-पाचच्या दोन रांगा. एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम. त्यावर प्लॅस्टिक, पट्ट्या आणि सर्किट. अख्खा पॅक काट्यावर चारशे ग्रॅमच भरला तर आत पाचच सेल आहेत असं समजावं, लेबलवर काहीही छापलेलं असो. सोनाराचा काटा लागत नाही, किराणा दुकानातला चालतो. ज्या मशीन परदेशी बाजारासाठी बनून इकडे वळवलेल्या असतात त्यांतल्या काहींच्या नेमप्लेटवर ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावली की पहिल्याच मिनिटाला धूर.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, लागणारा ग्राइंडर जळतो तो बहुधा ब्रँडमुळे नव्हे. कास्टिंगवरचा रनर-रायझर (ओतताना राहिलेला जादा धातू) घासताना उडणारी लोखंडाची बारीक पूड हवेच्या खाचांतून आत जाते, कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याच्या) पट्ट्यांमधल्या फटीत बसते आणि शॉर्ट करते. वाळूचा कण बेअरिंग खातो. पाळी संपल्यावर मशीन रिकामी फिरवत कोरड्या हवेचा झोत मारला, तोही डोळ्यांवर गॉगल लावून, तर आयुष्य बरंच वाढतं. कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साठलेलं असेल तर उलट नुकसान होतं, पूड चिखलासारखी आत चिकटते. कार्बन, म्हणजे कम्युटेटरला टेकून वीज पोचवणारे ब्रश, पाच-सहा मिलिमीटरवर आले की जोडीनेच बदलायचे, एक जुना एक नवा नको. त्याखाली गेले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणगी वाढते, कम्युटेटर काळा पडतो आणि शे-दीडशेच्या कार्बनसाठी आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) नव्याने भरायची पाळी येते. लांब, बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडलं की फिल्ड कॉइल तापते, हेही तितकंच नेहमीचं. वॉरंटीत यातलं काही बसत नाही. कार्बन हा झिजणारा भाग आणि जळालेली वाइंडिंग 'ओव्हरलोड' म्हणून परत येते.

छोट्या दुकानाची कमाई इथे आहे, मशीनच्या खोक्यात नाही. एक मशीन विकली की तिला वर्षभर डिस्क लागतात, कार्बन लागतात, स्विच, बेअरिंग आणि गिअरची जोडी लागते. भारी ब्रँडची दहा मॉडेल मांडण्यापेक्षा तीन ठेवावीत आणि त्या तिन्हींचे स्पेअर पूर्ण ठेवावेत, असं आमचं मत झालं आहे. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते, ती बघून जुना माल पुढे काढावा. रेझिनच्या डिस्कला आपल्या पावसाळ्यातली ओल सोसत नाही, म्हणून फळीची खालची रांग जूनपूर्वी रिकामी करावी. १०० मिमीच्या ग्राइंडरचं गार्ड काढून १२५ ची डिस्क लावायला कोणी मागत असेल तर विक्री गेली तरी चालेल, देऊ नये. लहान मशीनचा वेग जास्त असतो, त्या वेगाला मोठी डिस्क फुटते. ज्यांना दोन दिवसांसाठी ब्रेकर हवा असतो त्यांना भाड्याने द्यावा, अनामत आणि ओळखपत्र घेऊन.

कंपन्यांकडे मागायचं ते वेगळं आहे आणि त्यात कायद्याची अडचण आम्हाला दिसत नाही. स्लॅब वाढीव खरेदीवर द्या. स्कीमच्या अटी सगळ्या डीलरना एकाच वेळी लेखी द्या, डिस्ट्रिब्यूटरच्या तोंडी निरोपावर ठेवू नका. स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० च्या आपल्या ई-कॉमर्स अहवालात मार्केटप्लेसना सवलतीचं धोरण स्पष्ट आणि पारदर्शक ठेवायला सांगितलं होतं. तीच अपेक्षा टूल्स कंपन्यांकडून ठेवण्यात काही गैर नाही. भाव उतरवला तर गेल्या ४५ दिवसांतल्या न विकलेल्या मालाच्या फरकाची क्रेडिट नोट सिरियल नंबरवर द्या. त्या नोटेवर जीएसटी आहे की नाही हेही आधीच ठरवून घ्यावं, कारण करासह आली तर डीलरला तेवढं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर घेतलेली कराची वजावट, उलटवावं लागतं, आणि वर्ष संपल्यावर कळलं की सीए आणि दुकानदार दोघांचीही धावपळ होते.

या मागण्या ऑर्डर देतानाच, ऑर्डरच्या मेलमध्येच लिहाव्यात. माल उतरवून घेतल्यावर मागितलेली क्रेडिट नोट पुढच्या तिमाहीपर्यंत टोलवली जाते.

आपले,
लक्ष्मीपुरी-शाहूपुरी भागातील काही टूल्स विक्रेते,
कोल्हापूर