'अजन्मा' या नावावरून झालेला वाद

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, चौथ्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित देवाच्या एका विशेषणावरून दोन दशके का भांडत राहिले, असे तुम्ही परवा विचारलेत. ते फोनवर उरकण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे.

वादाला तोंड फुटले ते यूनोमियस नावाच्या धर्मपंडितामुळे. इ. स. ३६०च्या सुमारास त्याने असे मांडले की 'अजन्मा' हे देवाचे अनेकांपैकी एक नाव नसून तेच त्याचे सत्त्व, म्हणजे मूळ स्वरूप, आहे. ख्रिस्त तर पित्यापासून जन्मलेला पुत्र; तेव्हा त्याचे सत्त्व पित्याहून वेगळे, आणि अर्थात खालचे, हे ओघानेच आले. यूनोमियसला नुसता पाखंडी म्हणून निकालात काढणे मला पटत नाही, कारण त्याचे पहिले विधान एकदा मान्य केले की पुढच्या तर्कातून सुटका नाही.

कैसरियाच्या बेसिल या धर्मगुरूने म्हणूनच त्या पहिल्या विधानावरच बोट ठेवले. आई, त्याचा दाखला तुला आवडेल. धान्याचा दाणा एकच. पण झालेल्या पिकाचा विचार केला तर तो फळ, पुढच्या पेरणीचा केला तर बी आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने अन्न. तिन्ही नावे खरी आहेत, तरी दाणा मुळात काय आहे हे त्यांतले एकही सांगत नाही. त्याचप्रमाणे देवाला आरंभ नाही एवढेच 'अजन्मा'वरून कळते. तो काय आहे, हे कळत नाही.

बेसिलच्या मृत्यूनंतर त्याचा धाकटा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, याने हा वाद पुढे चालवला. नावे देवानेच शिकवली, या यूनोमियसच्या मताची थट्टा करताना त्याने देवाला पंतोजी बनवल्याचा टोला हाणला. विचारशक्ती देवाने दिली, शब्द मात्र माणसांनी घडवले, असे त्याचे म्हणणे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोड मागितली तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यांवर प्रवचन देतो, आणि पावाचा भाव विचारला तर 'पिता श्रेष्ठ, पुत्र कनिष्ठ' असे ऐकावे लागते, अशी तक्रारही त्यानेच केली आहे. (त्यात थोडे तिखटमीठ असणारच.)

३९८ साली बादशाही फर्मानाने यूनोमियसचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. बेसिलला त्याने दिलेल्या प्रत्युत्तरातले जे काही आज वाचायला मिळते, ते मुख्यतः ग्रेगरीने खोडून काढण्यासाठी शब्दशः उतरवून घेतले होते म्हणून.

आपला,
धाकटा