बाई, चौघांतला आमचा नगरसेवक कोण?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्यातल्या एका शाळेत सहावीला नागरिकशास्त्र शिकवते. प्रजासत्ताक दिनाला आमच्या प्रभागातल्या चौघांपैकी एक नवे नगरसेवक झेंडावंदनाला आले होते. त्यांनी माईकवरून मुलांना शब्द दिला, महापालिकेचं सभागृह दाखवतो, सज्जात बसून सभा बघा. मुलं त्याच नादात होती. पालकांनी बसचे पैसे भरले. ठरलेल्या सकाळी मुलं डबे घेऊन फाटकाशी उभी राहिली आणि निरोप आला, आज जमत नाही. पुढची तारीख कुणी देईना, बसवाला आगाऊ रक्कम परत करीना. मी त्याच प्रभागातल्या बाकीच्या तिघांची दारं वाजवली. एक म्हणाले, शब्द ज्यांनी दिला त्यांना विचारा. दुसऱ्या बाई नगरसेविका, पण बोलले त्यांचे यजमान. तिसऱ्यांनी फोनच उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मग चौघांतला आमचा नगरसेवक कोण?"

मंत्रिमहोदय, याचं उत्तर तुमच्या खात्याने द्यायचं आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. २०१५ साली नवी मुंबईत १११ प्रभाग होते आणि प्रत्येकाला एकच नगरसेवक. आता जागा तेवढ्याच ठेवून प्रभाग २८ केलेत, म्हणजे एक सोडून प्रत्येक प्रभागात चौघे. वाशीचा पूल ओलांडला की मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक. मुंबईकराला एक माणूस जाब विचारायला मिळतो आणि आम्हाला चौघांत टोलवलं जातं, ते का? १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या निवडणुकीत मी मतदान केंद्रावर ड्यूटीला होते. एक आजी एकच बटण दाबून निघाल्या होत्या. चार मतं द्यायची आहेत हे त्यांना समजावताना मागची रांग माझ्यावर ओरडत होती. यंत्रं जमा करून घरी पोहोचले तेव्हा मध्यरात्र उलटली होती, पाय सुजले होते, सासूबाई तापाने फणफणत होत्या. सकाळी पुन्हा शाळा होतीच. एवढं करून त्या मुलीपुढे मी गप्प उभी राहिले, हे मला फार लागलं आहे.

मुलांना लोकशाही कळत नाही असं समजू नका. आमच्या वर्गात वर्गमंत्र्याची निवडणूक होते. वहीच्या पानांच्या मतपत्रिका, बुटांचं खोकं ही पेटी. निवडून आलेल्याने दर शनिवारी फळ्यापुढे उभं राहून हिशोब द्यायचा. एकदा त्याने पंख्याखालची बाकं दोस्तांना दिली. मुलींनी सगळ्यांदेखत विचारलं आणि सोमवारी बाकं बदलली. मत देणाऱ्याला विचारायचा हक्क असतो, हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

पण वर्गाबाहेर काय दाखवू? मे २०२० मध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली आणि साडेपाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत लिहिलेलं आहे. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना. त्याच काळात लोकसभा झाली, विधानसभाही झाली. तुमच्या निवडणुका अडत नाहीत, आमच्याच कशा अडतात? सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी जानेवारी उजाडला. मालमत्ता कराचं बिल मात्र एकदाही चुकलं नाही. अर्थसंकल्प अधिकाऱ्यांनी मांडायचा आणि अधिकाऱ्यांनीच मंजूर करायचा! आणि मी सहावीच्या वर्गात शिकवत होते की महापौर सभेचे अध्यक्ष असतात. कोणते महापौर? आज सहावीत असलेल्या मुलांनी बालवाडीनंतर नगरसेवक पाहिलाच नव्हता. पहिला पाहिला, त्याने शब्द मोडला.

त्या सभेत द्यायला मुलांनी पत्रं लिहिली होती, ती माझ्या कपाटात पडून आहेत. एकीने शाळेसमोरच्या गटाराचं तुटलेलं झाकण मोजलंय. तिची तीस सेंटिमीटरची पट्टी आडवी फटीतून आत जाते, असं चित्र काढून खाली लिहिलंय, 'पहिलीची मुलं इथून चालतात.' हे पत्र चौघांपैकी कुणाला द्यायचं, ते तिला माहीत नाही आणि मलाही नाही.

म्हणून मागते. पुढच्या निवडणुकीआधी आम्हाला मुंबईसारखा एका नगरसेवकाचा प्रभाग द्या. तोवर चौघांनी आपसात भाग वाटून घेऊन कोणत्या गल्लीला कोण उत्तर देणार, याचा फलक प्रत्येक प्रभागात लावावा, असा आदेश काढा. सभागृहाच्या सज्जात शाळांसाठी जागा राखून ठेवा, म्हणजे मुलांना तिथे जायला कुणाची मेहेरबानी लागणार नाही. आणि झाकण या आठवड्यात बसवून घ्या, पहिलीच्या मुलाचा पाय त्यात जायची वाट बघू नका. उत्तर लेखी पाठवा, ते मी वर्गात मोठ्याने वाचणार आहे.

आपली,
सहावीची नागरिकशास्त्राची शिक्षिका, कोपरखैरणे