खोक्यावर हेल्मेट, फोनवर ‘हेल्मेट काढून बघा’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इयरबडचे पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत (पाचव्या फोननंतर, लेखी)

पाचवा फोन आत्ता ठेवला. ४७ मिनिटं झाली. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तुमची प्रतीक्षेची धून ऐकण्यात गेला. ती धून मात्र अगदी स्वच्छ ऐकू आली, कारण तेव्हा मी खुर्चीत बसले होते आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आधीच्या चार फोनमध्येही एवढंच होतं.

तुमच्या खोक्यावर मोटरसायकलवाल्याचा फोटो आहे. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, काच खाली, मागे धावता रस्ता, आणि बाजूला वाऱ्याबद्दल आणि वेगाबद्दल एक वाक्य. मी रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर गाडी चालवते, त्यातला बराचसा हायवे. बडना खाली दांडी आहे हे बघून मला दुकानातच शंका आली होती. पण फोटो बघून वाटलं, यांनी हेल्मेटमध्ये घालून बघितलं असेल की. शहाणी माणसं अशीच फसतात.

हेल्मेट कसं घालतात हे तुमच्याकडे कुणाला माहीत असेल असं धरून चालते. हनुवटीचे दोन्ही पट्टे बाहेर ओढायचे आणि डोकं आत सारायचं. त्या वेळी गालांच्या गाद्या दोन्ही कानांवरून घासत खाली येतात. बड चपटा, गुळगुळीत आणि कानाच्या खळगीत बुडालेला असला तर गादी त्याच्यावरून सरकून जाते. दांडी असली की ती गादीत अडकते, बड फिरतो आणि टिपची, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोकाची, पकड सुटते. एकदा सुटली की आत बोट घालून काही करता येत नाही. पुन्हा हातमोजे काढा, हेल्मेट काढा, बड बसवा, सगळं घाला. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी मी हा खेळ दोन-तीनदा करत होते. खाली खेळणाऱ्या एका मुलाने विचारलं, “काकू, हेल्मेटमध्ये ते कानातलं मावत नाही का?” सहा-सात वर्षांचा असेल. त्याला अडचण एका नजरेत कळली.

आणि समजा बसलंच नीट, तरी बाहेर आलेला भाग गादी सतत आत दाबत राहते. वीस मिनिटांनी कान ठणकायला लागतो. बड कानाबाहेर किती मिलिमीटर येतो, एवढा एक आकडा छापला असता तर मी घेतलेच नसते. वजन तुम्ही ग्रॅमच्या दशांशापर्यंत छापता. रंगाचं नाव तर तीन शब्दांचं आहे. (काळा आहे. नुसता काळा.)

आता टच, म्हणजे बडला बोट लावून गाणी-फोन चालवायची सोय. गादीचं घामाने ओलसर झालेलं अस्तर असेल, नाहीतर दुमडलेली माझ्या स्वतःच्याच कानाची पाळी, पण तुमच्या बडला ते बोट वाटतं. मान वळवून मागची गाडी बघितली की गाणं बदलतं. मान सरळ केली की थांबतं. जरा जास्त वेळ दाब राहिला की फोनमधली मदतनीस बाई जागी होते आणि मी ८० च्या वेगात ट्रकला ओलांडत असताना विचारते की काय मदत करू. तीनदा टिचकी बसली तर शेवटचा लावलेला फोन पुन्हा लागतो. या सोयीमुळे माझ्या दातांच्या डॉक्टरांकडे एका आठवड्यात चार फोन गेले. शेवटी तिथल्या बाईंनीच काळजीने विचारलं, खूप दुखतंय का? तुमच्या ॲपमध्ये टचचं काम बदलता येतं, टच बंद करता येत नाही. मी पहिल्या फोनमध्ये विचारलं होतं, दुसऱ्यात विचारलं होतं, आणि तिसऱ्यात मला सांगितलं की सूचना नोंदवून घेतली आहे. कुठे नोंदवली आहे तेवढं कळवा. मी जाऊन वाचून येते.

नॉइज कॅन्सलेशनबद्दल, म्हणजे बाहेरचा आवाज गिळायच्या करामतीबद्दल. बंद खोलीत पंख्याची घरघर तुमचे बड छान गिळतात, कबूल. पंखा एकसारखा वाजतो. हेल्मेटमधला वारा तसा नसतो. तो कवचावर आपटतो, हनुवटीखालून आत घुसतो, पुढे ट्रक असला तर अंगावर धडका देतो. त्या धडक्यांनी तुमचा मायक्रोफोनच भांबावतो आणि गाण्याच्या मागे ढब्ब-ढब्ब असा आपला स्वतःचा ठेका धरतो. आजूबाजूचं ऐकू देणारा मोड लावला तर तोच वारा मोठा करून कानात ओतला जातो. म्हणजे शांतता हवी असेल तर ढोल, आणि ढोल नको असेल तर वादळ.

हे सगळं मी चैन म्हणून सांगत नाही. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशेब केलात तर १०० डेसिबलला १५ मिनिटं येतात. वारा आत येत राहिला की माणूस गाण्याचा आवाज वाढवतो, म्हणजे कानावर दोन्हींचा मारा. म्हणून हेल्मेटखाली आधी कान नीट बंद झाला पाहिजे, इलेक्ट्रॉनिक करामत मागाहून. कान बंद असेल तर गाणं हळू आवाजातही पुरतं, आणि हॉर्न ऐकू येतो तो येतोच. तुम्ही आवाजाच्या धंद्यात आहात. हे मी तुम्हाला शिकवायला लागावं?

कान बंद करायला फोमच्या टिप लागतात. चेपायच्या, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. तुमच्या खोक्यात तीन मापांच्या सिलिकॉनच्याच आहेत. मी फोमच्या वेगळ्या आणल्या. तर तुमच्या बडची नळी लंबगोल! बाजारातल्या साध्या टिप तिच्यावर चढत नाहीत. ओढूनताणून चढवल्या, तर चार्जिंग केसचं झाकण लागेना. झाकण लागत नाही म्हणून बड खाली टेकत नाहीत, टेकत नाहीत म्हणून चार्ज होत नाहीत. दोन दिवस मी केसवर रबरबँड लावून झोपले.

आता तो फोन. प्रतिनिधीचं नाव लिहीत नाही. मुलगा आवाजावरून तरुण होता आणि वाईट नव्हता. त्याच्या पुढ्यात जो कागद होता तो वाईट होता.

त्याने विचारलं, बड काढून परत घातले का? घातले. फोन बंद करून चालू केला का? केला. घरात बसून वापरताना काही अडचण येते का? नाही. “मग मॅडम, आपले बड व्यवस्थित आहेत,” तो खरोखरच आनंदाने म्हणाला. मी म्हटलं, मी गाडी घरात चालवत नाही. अडचण हेल्मेटखाली येते. पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, “मॅडम, गाडी आपण स्वतः चालवता का?” हो. “म्हणजे पुढे बसून?” मी हो म्हटलं. या प्रश्नाचा बडशी काय संबंध हे मी अजून शोधते आहे. घरातल्या पुरुषाने चालवली असती तर दांडी गादीत अडकली नसती का?

पुन्हा टकटक. आणि मग हे वाक्य, शब्दशः, मी तेव्हाच पाकिटाच्या मागे लिहून घेतलं : “मॅडम, एकदा हेल्मेट काढून चालवून बघाल का? म्हणजे अडचण बडची आहे की हेल्मेटची, ते आपल्याला कळेल.”

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने आणि सावकाश, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगतात तसं. (तुमचे बड असेच वापरत राहिले तर तीही वेळ येईल.) मी विचारलं, हे तुम्ही मनाने सांगताय की कुठे लिहिलेलं आहे? तो म्हणाला, “लिहिलेलं आहे मॅडम. चौथी पायरी. बडवरचा अडथळा दूर करून तपासणे.”

अडथळा. माझ्या कवटीवरचं हेल्मेट तुमच्या कागदात अडथळा आहे.

मी वरिष्ठांना द्या म्हटलं. ११ मिनिटं धून. वरिष्ठ आले आणि म्हणाले, हे उत्पादन हेल्मेटसोबत वापरण्याची आमची शिफारस नाही. मी खोकं हातात घेऊन त्यांना फोटोचं वर्णन करून सांगितलं : हेल्मेट, गाडी, रस्ता. ते म्हणाले, तो फोटो प्रातिनिधिक आहे. कशाचा प्रतिनिधी? थोडं थांबून ते म्हणाले, “जीवनशैलीचा.” मग म्हणाले की तक्रार पुढे पाठवायची तर अडचण स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ लागेल, आणि तो गाडी चालू असतानाचा हवा. मी विचारलं, हेल्मेट घालून की काढून? त्यावर ते काही बोलले नाहीत. हॅण्डल कोणी धरायचं, हेही विचारायचं होतं, पण तेवढ्यात त्यांनी मला आणखी काही मदत करू शकतो का असं विचारलं. त्या ‘आणखी’ला मी दाद देते.

आता तुमच्या उत्तरात गाडी चालवताना गाणी ऐकू नयेत, असा उपदेश यायची शक्यता आहे. मी जिथे चालवते तिथले नियम मी बघितलेले आहेत, आवाज हळू ठेवते आणि गर्दीत गाणी बंद करते. आणि उपदेशच करायचा असेल तर तो आधी खोक्यावरच्या त्या माणसाला करा. पैसे त्याला दिलेत, माझ्याकडून घेतलेत.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुमचेच जुने वायरचे इयरफोन मी सहा वर्षं हेल्मेटखाली वापरले. बिनदांडीचे, छोटे, कानात गडप होणारे. वायर जॅकेटच्या आतून न्यायची की झालं. नळी गोल होती, फोमची टिप लागायची, टच वगैरे काही नव्हतं, त्यामुळे तुमच्या सेवा विभागाला एकदाही फोन करावा लागला नाही. आमच्या गाडीवाल्यांच्या गटात सात-आठ जणांनी ते माझ्या सांगण्यावरून घेतले. माझ्या त्या जोडातला उजवा इयरफोन बंद पडला म्हणून मी पुन्हा तुमच्याचकडे आले, दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. ते बंद करून तुम्ही हे काढलेत. ज्याने कुणी ठरवलं, त्याने डोक्यात हेल्मेट घालून एकदा हे बड कानात टिकवून दाखवावेत. चुकलं, आधी बड, मग हेल्मेट. चौथ्या पायरीमुळे माझाही क्रम बिघडायला लागलाय.

मला पूर्ण पैसे परत हवेत. बदली जोड नको. तो एकदा झाला आहे, दुसरा जोडही तितक्याच दांडीचा होता. कूपन नको. चार्जिंग केस सोबत परत करते, रबरबँडसकट. खोकं मात्र देणार नाही. १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर खोक्यावरचा फोटो आणि ‘हे उत्पादन हेल्मेटसोबत वापरण्याची शिफारस नाही’ हे तुमच्या वरिष्ठांचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून आधी आमच्या गटात जाईल आणि मग ग्राहक आयोगाकडे. दुसरं काही लिहायची मला गरजही पडणार नाही.

आणि पैसे दिलेत तरी ती चौथी पायरी कागदावरून काढा. त्या मुलाला फोनवर पुढे कुणी तरी विशीतला भेटेल, आणि तो खरंच काढून बघेल.

आजपर्यंतची तुमची ग्राहक

ता. क. : बुधवारी सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी माझ्या क्रमांकावरून तुमच्याकडे एक फोन आलेला दिसेल. त्यात कुणी बोललं नाही, चार मिनिटं नुसता वारा होता. तो मी लावलेला नाही. आदल्या संध्याकाळी मी शेवटचा फोन तुम्हालाच केला होता, बाकीचं तुमच्या डाव्या बडने केलं. त्याने स्वतःहून नोंदवलेली ती तक्रारही या पत्राला जोडावी.