घराच्या जाहिरातीत ओलही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील छोट्या जाहिरातींचे पान आम्ही पतिपत्नींनी गेल्या वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत जितक्या बारकाईने वाचले, तितक्या बारकाईने अग्रलेख वाचला नाही, हे आधीच कबूल करते. मे महिन्यात आमचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले. माझे माहेर कराडचे, सासर परभणीचे आणि दोघांच्या नोकऱ्या पुण्यात. मी स्वारगेटजवळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि पती खेड-शिवापूरच्या बाजूला एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत. तोवर मी वसतिगृहात आणि ते ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे भरून, राहत असल्यामुळे आमचा दोघांचा मिळून संसार म्हणजे एक इस्त्री, दोन बादल्या आणि पुस्तकांची चार खोकी एवढाच होता. घर भाड्याने घ्यायचे आणि ते जुन्या वस्तूंनी लावायचे, असे ठरवून आम्ही एकाच पानावरचे दोन रकाने रोज वाचू लागलो. त्या दोन रकान्यांच्या भाषेत मला जो फरक आढळला, त्याविषयी हे पत्र आहे.

पहिली खरेदी कपाटाची. जाहिरात अशी होती : ‘लोखंडी कपाट, दोन दारी, आरसा तडकलेला, कुलूप चालू, सदाशिव पेठ.’ छोट्या जाहिरातीला शब्दांच्या हिशेबाने पैसे पडतात, हे आपणांस सांगायला नको. त्या गृहस्थांनी ‘आरसा तडकलेला’ हे दोन शब्द पदरचे पैसे देऊन छापले होते. आम्ही गेलो तेव्हा कपाटाच्या आधी त्यांनी आरशाचा तडा दाखवला आणि म्हणाले, ‘‘हे मी छापलेले आहे. नंतर फोन करायचा नाही.’’ किंमत साडेतीन हजार सांगितली होती, ती एका रुपयानेही कमी केली नाही. मात्र वाड्याचा जिना अरुंद असल्याने दारे काढूनच कपाट उतरवावे लागेल आणि हमाल त्याचे जास्त मागतील, हेही त्यांनीच बजावले; छोटा हत्ती टेम्पो आणि हमाली मिळून खरोखरच सोळाशे रुपये गेले. निघताना त्यांच्या पत्नीने खालच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्या टाकून दिल्या. घर मिळेपर्यंत हे कपाट पतींच्या एका सहकाऱ्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभे होते.

शेगडी, लाकडी पलंग, डब्यांचा मांडणी-रॅक यांच्या बाबतीतही कमी-अधिक असाच अनुभव आला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आम्ही काही भांडी घेतली. तिथला विक्रेता दोष सांगत नाही हे खरे, पण वस्तू हातात देतो, टिचकी मारून पाहू देतो आणि पातेल्याचे भोक डाग लावून बुजवलेले सापडले तर मुकाट्याने वीस रुपये कमी करतो.

आता शेजारचा रकाना. ‘हवेशीर’ म्हणून छापलेल्या घराची शयनगृहाची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे नळ-पाइपांच्या बंदिस्त पोकळीत, उघडत होती. ‘६०० चौरस फूट’ म्हणून सांगितलेल्या घरात आमचा पलंग आणि कपाट एकाच वेळी मावले नसते, कारण त्या ६०० फुटांत जिना, लिफ्ट आणि लॉबीचाही वाटा धरलेला होता. ‘नवले पुलापासून पाच मिनिटे’ हे अंतर नकाशावर बरोबर होते. त्या पाच मिनिटांत मुंबई-बेंगळुरू महामार्ग पायी ओलांडायचा होता, एवढेच जाहिरातीत नव्हते. एका ठिकाणी बैठकीच्या खोलीत तीन कॅलेंडरे शेजारी शेजारी टांगलेली पाहून पतींनी मधले उचलले, तर मागे पोपडे धरलेली ओल होती. घर पावसाळ्यात पाहावे, हा या पाच महिन्यांतला आमचा एकमेव फायदा. सर्वांत मजेशीर प्रकार ‘मालक थेट, एजंट नको’ या जाहिरातींचा. अशा तीन वेगवेगळ्या जाहिरातींवर फोन केला असता तिन्ही वेळा एकच आवाज आला आणि तिसऱ्या वेळी त्या आवाजाने मला ओळखलेही. ‘‘ते घर कालच गेले, ताई, पण दुसरे दाखवतो,’’ हे वाक्य तर आम्हांला पाठ झाले.

ही माणसे कपाटवाल्या गृहस्थांपेक्षा स्वभावाने वाईट असतात, असे मी म्हणणार नाही. ज्याला आपले कपाट विकायचे असते, त्याच्या दारात गिऱ्हाईक येऊन उभे राहते. खोटे बोलला तर त्याचाच रविवार वाया जातो. घराची जाहिरात देणारा पुष्कळदा ते घर स्वतः पाहिलेलाही नसतो. त्याला घर खपवायचे नसते, फोन यायला हवा असतो. एकदा फोन आला की जाहिरातीचे काम संपले. म्हणूनच गेलेल्या घराची जाहिरात पुढचे तीन रविवार तशीच छापून येते.

कागदावर निदान वेळच वाया गेला; संकेतस्थळावर पैसेही गेले. बाणेरमधील एका देखण्या सदनिकेचे भाडे १४,००० रुपये लिहिले होते, तेव्हाच शंका यायला हवी होती. ‘मालक’ म्हणवणाऱ्या व्यक्तीने आपण सैन्यात असून बदलीमुळे बाहेरगावी असल्याचे सांगितले, गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवले, आणि सोसायटीत शिरण्यासाठी २,००० रुपयांचा परत मिळणारा ‘व्हिजिटर पास’ काढावा लागतो, असे पटवले. आम्ही पैसे भरले. ते परत करण्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगितले, तेव्हा मात्र पतींचे डोके ठिकाणावर आले : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. रक्कम लहान होती आणि ती परत आली नाही. या प्रसंगाची लाज वाटून आम्ही तो महिनाभर घरच्यांनाही सांगितला नव्हता. असे न सांगणारे आणखी किती असतील, म्हणून इथे लिहिते आहे.

प्रत्यक्ष मालकांपर्यंत पोहोचल्यावर वेगळी परीक्षा सुरू होई. पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’, दुसरा ‘मूळचे कुठले?’ आणि आम्हा दोघांची उत्तरे ऐकून तिसरा, ‘लग्न घरच्यांच्या संमतीने का?’ विवाहाचा दाखला आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून सोबतच नेत असू. स्वयंपाकघरात काय शिजणार, याची चौकशी तर बहुतेक सर्वांनी केली. ‘फक्त शाकाहारी’ असे जाहिरातीतच छापले असते तर आमचे निदान आठ रविवार वाचले असते, असे पती म्हणतात. अशी अट छापू लागलो की ती रीतसर वाटू लागते, असे माझे म्हणणे आहे. या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. लग्नानंतरचे पाच महिने आम्ही वेगवेगळ्या छपरांखाली काढले आणि रविवारी घरे पाहण्याच्या निमित्ताने भेटत राहिलो, एवढे मात्र खरे.

कराराच्या बाबतीत सांगितले जाणारे एक असत्य इतके सर्रास आहे की, त्याची नोंद घ्यावीच लागेल. दोन एजंटांनी आम्हांला ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ असे ठामपणे सांगितले. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची ही प्रथा पडली, हे बरोबर. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी नुसते वापरू देण्याचा, करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळण्यात खरा धोका मालकाचाच आहे, आणि हे सांगितल्यावर मालकांचेच चेहरे उतरलेले आम्ही पाहिले. खर्च म्हणावा तर पंधरा हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिने मुदत धरून पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आत बसते आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. याच कामाचे एका मध्यस्थाने आमच्याकडे साडेपाच हजार मागितले होते, ते एक महिन्याच्या भाड्याइतक्या दलालीखेरीज.

ही दलाली किती असावी, ती कोणी द्यावी, याची कोणालाच विचारणा करता येत नाही, हीदेखील एक गोम आहे. सदनिका विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते, पण त्यामागच्या रेरा कायद्यातील एजंटाची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याची घरे दाखवणारा त्या व्याख्येत बसत नाही. निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवणारा आदर्श भाडेकरार कायदा केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केला खरा, परंतु तो नावाप्रमाणे आदर्श आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज त्याचा आधार घेता येत नाही.

आम्हांला घर मिळाले ते घराच्या रकान्यातून नव्हे. सप्टेंबरअखेरीस ‘फ्रिज, १६५ लिटर, दाराचे रबर सैल, बदलीमुळे विकणे, धायरी’ ही जाहिरात वाचून मी फोन केला आणि सहज विचारले की, बदली झाली म्हणजे आपले घरही रिकामे होणार का. पलीकडच्या बाई हसल्या आणि मालकिणीचा क्रमांक देते म्हणाल्या. त्यानंतर आम्ही जुन्या वस्तूंचा रकाना घरासाठीच वाचू लागलो, आणि ‘बदलीमुळे’, ‘गावी परतत असल्याने’, ‘घर बदलत असल्याने’ या शब्दांखाली दोन आठवड्यांत आणखी तीन रिकामी होणारी घरे सापडली. धायरीचे घर आम्ही घेतले ते, तिथून निघून जाणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून सगळे ऐकूनच : पाणी सकाळी सात ते साडेआठ, मागच्या भिंतीला जुलैमध्ये ओल, वरच्या मजल्यावर पहाटे मिक्सर. मालकीण निवृत्त शिक्षिका आहेत. आडनाव त्यांनीही विचारले. पण करार नोंदवूनच करायचा, हे आमच्या आधी त्यांनीच सांगितले. फ्रिज जागचा हलवावाही लागला नाही. मागच्या भिंतीला कपाट टेकवून ठेवायचे नाही, चार बोटे जागा सोडायची, हेही त्या बाईंनीच सांगून ठेवले होते.

आपणांस विनंती एवढीच की, कायदा व्हायचा तेव्हा होईल, आपल्या पानावरचे नियम आपल्या हातात आहेत. घर भाड्याने देण्याची जाहिरात स्वीकारताना जाहिरात देणारा मालक आहे की मध्यस्थ, हे छापणे सक्तीचे करावे. चटई क्षेत्र (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा), अनामत आणि दलाली असल्यास तिची रक्कम यांना जागा द्यावी. जाहिरात पुन्हा छापण्यापूर्वी घर अजून रिकामे आहे का, हे एका फोनवर विचारून घ्यावे, आणि एकच क्रमांक वेगवेगळ्या ‘थेट मालकां’च्या नावाने येत असेल तर तो निदान बाजूला काढावा. शब्द वाढतील, तर त्यांचे पैसे जाहिरातदाराकडून घ्यावेत. सदाशिव पेठेतील गृहस्थांनी ते दिलेच होते.

ज्या तीन जाहिरातींत एकच आवाज ऐकू आला, त्यांची कात्रणे तारखांसह सोबत जोडली आहेत. ती छापण्यासाठी नाहीत, आपल्या जाहिरात विभागासाठी आहेत.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवला आहे.)